पट्टा चढवणारे दौलतराव

श्री. दौलतराव तायडे यांना मी प्रथम पाहिले ते अमरावतीच्या राजापेठेतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, बुलडोझरखाली उताणे पडलेले. आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता. लढाईनंतर मोडीत निघालेली काही यंत्रे बांधबंदिस्तीच्या आणि तलावांच्या कामासाठी आपल्याकडे आली होती. मला मालमोटार चालवता येत असे, एवढ्यावर माझी त्यांतल्या एका यंत्रावर नेमणूक झाली. दौलतराव आमचे फोरमन. मी नाव सांगितले, वरूडच्या संत्र्याच्या बागेतला आहे हेही सांगितले. यंत्राखालून उत्तर आले,

"बरं झालं पुंडलिक, मातीतला माणूस आला. ते खुरपं घे अन् पट्ट्यातला चिखल काड. चिखल निंगाला का मंग बोलू."

मला थोडा रागच आला. मी चालक म्हणून गेलो होतो, खुरपणीला नव्हे. पण खुरपे घेतले, आणि त्या दुपारी जे शिकलो ते पुढे सबंध नोकरीभर पुरले. बुलडोझर टायरवर चालत नाही, दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्यांवर चालतो. मागचे दातेरी चाक पट्टा ओढते, पुढचे चाक त्याला ताणून धरते. आपली काळी माती ओली झाली की या दोहोंच्या मध्ये ठासून बसते. पट्टा नको तितका ताणला जातो, आणि मग साखळीची कडी तुटते किंवा सबंध पट्टाच चाकावरून उतरतो. फार ढिला ठेवला तरी वळताना उतरतोच. म्हणून काळ्या रानात पट्टा जरा सैल आणि मुरमाड रानात ताठ, हा दौलतरावांचा पाठ होता. दररोज काम संपले की ते पट्ट्याच्या वरच्या बाजूवर एक सरळ काठी ठेवायला लावत आणि काठीखाली किती झोळ आहे ते पाहत. त्यांच्या समाधानापूर्वी घरी जाण्याची सोय नव्हती. त्यांच्या पत्नी सौ. शेवंताबाई आम्हाला चहा देताना म्हणत, "पोरीचं वय इचारा, सांगता येत नाई. पट्ट्याचा कोनता खिळा कवा बदलला, ते बरोबर सांगतीन." दौलतराव यावर नुसते हसत, कारण ते खरे होते.

छप्पन साली नागपूरला जाऊन दौलतरावांनी सहकुटुंब धम्मदीक्षा घेतली. परत आल्यावर त्यांनी शेडमध्ये भाषण केले नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात अकोटच्या बाजूला एका गावच्या तलावाचे काम निघाले, तेव्हा त्यांनी कामावर पाण्याचे एकच पिंप ठेवले आणि त्यावर एकच गडवा. गावातले काही गडी अडून बसले. आमचे पाणी निराळे ठेवा, म्हणाले.

"पानी एकच राहीन," दौलतराव म्हणाले. "मी कोनाले जबरदस्ती करून नाई राहिलो. ज्याले नाई प्यायचं, त्यानं घरून आनावं. पन दुसरं पिंप इथं येनार नाई."

काही जण टोपल्या टाकून निघून गेले. काम मागे पडणार हे दिसत होते, वरून विचारणा झाली असती तर उत्तर त्यांनाच द्यावे लागले असते. ते वाट पाहत राहिले. दुपारी अनसूयाबाई नावाच्या मजूर बाई, त्याच गावच्या, सगळ्यांच्या देखत पुढे आल्या, गडवा भरून घटाघटा प्यायल्या आणि म्हणाल्या, "तहान लागली बाप्पा. उनात काय जात पाहत बसू?" त्यांच्यामागून इतर बाया आल्या. गेलेल्या गड्यांपैकी बहुतेक जण त्याच आठवड्यात परत आले. दौलतराव त्यांना त्याबद्दल कधी टोचून बोलल्याचे मी ऐकले नाही.

तलाव पुरा झाला. पुढच्या वर्षी भादव्यात पाऊस लागून राहिला असताना निरोप आला, की बांधाच्या पायथ्यातून पाणी झिरपते आहे आणि ते गढूळ आहे. स्वच्छ पाणी झिरपले तर फारशी काळजी नसते. गढूळ आले म्हणजे बांधाची माती आतून वाहून चालली. बांधाच्या खालीच निम्मे गाव होते. आम्ही पोचलो तेव्हा म्हातारी माणसे आणि ढोरे टेकडीकडे हलवणे चालले होते. अनसूयाबाई आणि शे-पन्नास बायामाणसे पायथ्याशी रेती आणि दगड टाकत होती. वरून पाण्याच्या बाजूला माती लोटायचे काम माझ्या यंत्राचे होते.

काम चांगले चालले होते. एकदा काठाशी वळताना खाड्कन आवाज झाला आणि यंत्र पाण्याच्या बाजूला कलले. चिखलात दडलेले बाभळीचे खोड पट्ट्यात शिरले होते. पट्टा दातेरी चाकावरून उतरून बाजूला लोळत होता. मी तसाच यंत्र पुढे घेतले असते तर ते तलावात गेले असते आणि जाताना बांधाची कडही घेऊन गेले असते. खाली लोकांनी हात थांबवून वर पाहिले. दौलतराव ओरडले, "तुमी थांबू नका! रेती टाकत राहा!"

त्यांनी प्रथम यंत्राखाली लाकडी ओंडके ठोकून घेतले. मग कुऱ्हाडीने ते खोड तोडून काढले. मोठ्या पान्याने पुढच्या चाकाचा ताण सोडला, पट्टा ढिला केला. आता उरले ते अवघड. पहारीने पट्टा उचलून दातांवर धरायचा, आणि त्याच वेळी चालकाने यंत्र अगदी बोटभर पुढे घ्यायचे. चाक जास्त फिरले तर पहार धरणाऱ्याचे हात दातांत जातात.

मी खाली उतरलो. म्हणालो, "साहेब, पहार मी धरतो. तुम्ही वर बसा."

"यंत्र तुया हातचं हाय," ते म्हणाले. "त्याले तू वळखतो, मी नाई. जा वर. मी हाक म्हनलो का पुढं, थांब म्हनलो का थांब. अन् माया हाताकडं पाहू नको, माया तोंडाकडं पाह."

मी वर बसलो. त्यांनी चिखलात गुडघे टेकले, पहार सारली, मान वर करून माझ्याकडे पाहिले. पावसाचे पाणी त्यांच्या भुवयांवरून ओघळत होते, पण चेहऱ्यावर भीती नव्हती. "हाक," ते म्हणाले. यंत्र हलले. "थांब." पुन्हा "हाक". पुन्हा "थांब". एकदा पट्टा दातांवरून घसरला, आणि त्यांनी शिवी न देता पहार पुन्हा सारली. शेवटी कडी दातात बसल्याचा ठोका मला बसल्या जागी जाणवला. सबंध पट्टा चढला. त्यांनी ताण दिला, हाताने झोळ पाहिला आणि फक्त म्हणाले, "चाल."

तिसऱ्या प्रहरापर्यंत माती लोटली. पायथ्याचे पाणी आधी कमी झाले, मग निवळले. अनसूयाबाईंनी ते ओंजळीत घेऊन वर करून दाखवले, आणि गावकऱ्यांनी ढोरांचे कासरे परत गावाकडे वळवले. ज्यांनी आदल्या वर्षी टोपल्या टाकल्या होत्या, त्यांतलेच एक गृहस्थ दौलतरावांना म्हणाले, "साहेब, आमच्या घरी चला. जेवून जा." दौलतराव गेले, आणि चुलीजवळच्या खोलीत, घरच्या माणसांच्या पंगतीत बसून जेवले. मी शेजारी होतो. त्या दिवशी ते खूप जेवले.

माझ्यावरचे त्यांचे उपकार किती सांगावेत? माझे वडील अमरावतीच्या दवाखान्यात होते तेव्हा मला रजा नव्हती. दौलतरावांनी माझे यंत्र स्वतः चालवले आणि मला पाठवून दिले. शेवंताबाई तिथे भाकरी घेऊन येत. वडिलांनी अखेरपर्यंत त्यांना "सूनबाई" म्हटले.

आता दौलतराव साठीत आहेत. गेली काही वर्षे ते अकोल्यात नव्या चालकांना शिकवतात. अनसूयाबाईंचे यजमान किसनराव तिथेच शिकून आज यंत्रावर आहेत. या गौरवग्रंथाचे आणि सत्काराचे सांगायला मी गेलो, तर दौलतराव म्हणाले, "सत्कार कायले? ठेवायचाच असन तं सकाळी ठेवा. दुपारी मले वर्ग हाय."

म्हणून सत्कार सकाळी ठेवला आहे. त्यांचे गुडघे अलीकडे दुखतात, ते बरे होवोत. शेवंताबाईंसह त्यांना उदंड आणि निरामय आयुष्य लाभो. दुपारचा तो वर्ग आणखी पुष्कळ वर्षे भरत राहो. आणि या वऱ्हाडात जिथे जिथे कोणी अवघड कामाला हात घालायला घाबरेल, तिथे त्याच्याकडे मान वर करून विश्वासाने पाहणारा एक तरी दौलतराव असो.