टर्बोच्या पाईपमध्ये स्क्रू निघाला

मंडळी, हात अजून काळे आहेत, तरी लिहितोय.

मागच्या महिन्यात मामेभावाकडून, सचिनदादाकडून, त्याची जुनी डिझेल गाडी घेतली. मेकॅनिकला दाखवली नाही. घरातल्याच माणसावर संशय घेतल्यासारखं दिसतं की! आणि ट्रायलला लई पळाली होती.

आज आईला घेऊन होटगीला निघालो. उसाचा ट्रॅक्टर ओव्हरटेक करताना मध्येच गाडीची ताकद गेली. समोरून ट्रक. कसाबसा मागे आलो. आई नुसती माझा दंड धरून बसली.

घरी येऊन बॉनेट उघडलं. टर्बोचं प्रेशर जास्त झालं की ते सोडणारा एक व्हॉल्व्ह असतो. त्याचा रबरी पाईप काढून फुंकला, तर हवाच जाईना. आत स्क्रू कोंबलेला. म्हणजे प्रेशर वाढतच जाणार, गाडी सुसाट पळणार, आणि शेवटी इंजिन स्वतःला वाचवायला ताकद तोडणार.

दादाला फोन केला. हसला.

"तुला पळणारी पाहिजे होती ना? दिली की."

"तुझी आत्या होती रे गाडीत."

"मग ओव्हरटेक कशाला करायचा?"

आई विचारतेय, काय झालं होतं गाडीला? पाईप खराब होता, एवढंच सांगितलंय. तिच्या भावाचा पोरगा आहे तो, लाडका.

तुम्ही सांगितलं असतं का तिला?