अक्षयाच्या नाकाचा कौल

अक्षया पाडावेचा चेहरा रत्नागिरीत फार थोड्यांना ठाऊक आहे, आवाज मात्र अख्ख्या तालुक्याला. एसटी स्टँडवर काचेमागे बसून ती गाड्या पुकारते. "पूर्णगडला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे" हे ती इतक्या गोडीने म्हणते, की ज्याला पूर्णगडला जायचंच नाही तोही क्षणभर पिशवीला हात घालतो. अठरा वर्षं हा आवाज ऐकतच पोरं कॉलेजात गेली, नोकरीला लागली आणि आता आपली पोरं घेऊन गाडीची वाट बघतात.

तर या बाईने वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मुंबईला जाऊन नाक नीट करून घेतलं.

नाक होतं माहेरचं. मधोमध चांगला ठसठशीत उंचवटा आणि शेंडा खाली वळलेला. तिच्या भावाला ते शोभायचं, वडिलांना तर फारच. अक्षयाला मात्र वाटायचं, की आपण खोलीत शिरायच्या आधी ते शिरतं. पण नाक सुंदर करायला निघाले असं रत्नागिरीत सांगायची कोणाची छाती आहे? तिने ऑफिसात सांगितलं, शेजारी सांगितलं, घरात सासूलाही सांगितलं, "आत हाड वाढलंय. श्वास घ्यायला त्रास होतो." साफ खोटं. तिचा श्वास असा होता, की किल्ल्याचा चढ ती गप्पा मारत चढायची आणि बरोबरचे धापा टाकायचे.

सूज उतरली आणि खाली सरळ, बारीक, देखणं नाक निघालं. अक्षया हरखून गेली. दुकानांच्या काचांसमोरून जाताना उगाच हळू चालायची. सेल्फी काढायची तीही बाजूने. तीन-चार महिने असे मजेत गेले आणि मग नाक शिट्टी मारायला लागलं.

बारीक, पण स्पष्ट. "चिपळूणला जाणारी गाडी" म्हणून तिने श्वास घेतला, की लाउडस्पीकरवर सुईईई, मग "फलाट क्रमांक दोनवर". वायरमनने येऊन दोनदा माइक तपासला. वायर बदलली, माइकवर फडकं गुंडाळलं, शेवटी माइकच बदलला. अक्षया बाजूला उभी राहून तोंडाने श्वास घेत राहिली. रात्री तर उजवी बाजू पार बंद व्हायची आणि सकाळी घशाला कोरड. ज्या दुखण्याची तिने थाप मारली होती ते दुखणं आता खरंच येऊन बसलं होतं.

आणि तक्रार तरी कोणाकडे करणार? "अगं, श्वासासाठीच केलंस ना?" असं जो तो विचारायचा. सासू यमुनाबाई तर तिच्या वतीने लढाईला उतरल्या. मासळी बाजारात, कोलंबी निवडता निवडता, त्या कोळणींना सांगायच्या, "त्या डॉक्टराला धरून हानला पायजे! पोर श्वास दुरुस्त करायला गेली, होता तो पन गेला." शेजारी पिशवी धरून उभी असलेली अक्षया खाली मान घालून कोलंबी मोजत राहायची.

वर्षाने डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. नाकाची पाठ जरा जास्तच खरवडली गेली होती आणि आतली वाट आवळली होती. कानामागची कूर्चा काढून आत आधार दिला, तर वाट मोकळी होईल, शिट्टीही जाईल. "पण नाक आतासारखं नाजूक राहणार नाही," ते म्हणाले. "रुंद होईल, पाठ वर येईल."

"म्हणजे पूर्वीसारखं?"

"अगदी तसं नाही. अर्ध्या वाटेवर म्हणा. महिन्याभरात कळवा."

झालं! श्वास हवा की नाक? आरशासमोर उभी राहिली की अक्षया म्हणायची, काय मरणार आहे का मी, तोंड आहे की श्वास घ्यायला. स्टँडचा जिना चढून आली की म्हणायची, चुलीत गेलं ते रूप. नवऱ्याला, सागरला, विचारलं तर तो म्हणाला, "तुझं नाक, तू ठरव," आणि पुन्हा मोबाइलमध्ये बुडाला. असले समजूतदार नवरे ऐन वेळी काही कामाचे नसतात. तीन आठवडे असेच गेले.

शेवटी यमुनाबाईंनी फर्मान काढलं. "रविवारी गावाला जायाचा. देवीला कौल लावू. ती सांगंल तसा."

अक्षयाला हायसंच वाटलं. निदान ठरवायचं ओझं तरी दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर जाणार होतं.

गाव पूर्णगडच्या अलीकडे. देवळात भागोजी गुरव तयारच होता. ओल्या पाषाणावर त्याने देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला एकेक कळी चिकटवली. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. पण त्याआधी गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळी हकिकत देवीला मोठ्याने सांगायची, आणि जमलेल्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. जमलेले म्हणजे दहा-बारा माणसं. दुसऱ्याच्या कौलाला रविवारी गर्दी बरी होते.

भागोजीने हात जोडले. "आई, तुजी ही सून. श्वास घेवक व्हयना म्हनून हिनं नाकाचा आपरेशन केलान..."

"होय म्हाराजा!"

"ता फसला. आता परत करायचा की नाय, ह्याचा तू रोकडा जबाब दे."

"होय म्हाराजा!"

सगळे कळ्यांकडे बघत बसले. पाच मिनिटं, पंधरा मिनिटं, अर्धा तास. कळ्या जागच्या हलेनात. देऊळ इतकं शांत झालं, की अक्षयाच्या नाकाची शिट्टी गाभाऱ्यापर्यंत पोचायला लागली. पाऊण तासाने भागोजीने मागे वळून पाहिलं.

"यमुनाबाय, गाऱ्हान्यात खोट हाय. आई उगाच गप ऱ्हात नाय."

"माज्या सुनेच्या बोलन्यात खोट?" यमुनाबाई कडाडल्या. "अठरा वर्सां गाड्या पुकारते ती. एक गाडी चुकीची सांगितलीन नाय!"

आता मात्र अक्षयाला राहवेना. आपल्यासाठी कोणी इतकं भांडावं आणि आपण खोटं दडपून बसावं, याची तिला खरोखर लाज वाटली.

"खोट आहे," ती म्हणाली. "श्वासाला काही झालं नव्हतं. मी चांगलं दिसायला केलं."

दहा-बारा माणसं एकदम पुढे सरकली.

"दिसायला?" यमुनाबाई म्हणाल्या. "कोनी काय म्हनला तुला?"

"तुम्हीच, आई. मला बघायला आलात तेव्हा. मी चहाचा ट्रे घेऊन येत होते आणि तुम्ही मामींच्या कानात म्हणालात, 'पोरगी लाखात एक, नाक तेवढा सोडून.' हळू म्हणालात, पण तुमचं हळू म्हणजे..."

ते हळू कसं असतं हे गावाला ठाऊक होतं. दोन बायकांनी तोंडाला पदर लावला. यमुनाबाईंना ते वाक्य आठवतही नव्हतं, आणि पोरीने ते वीस वर्षं जपून ठेवलं होतं.

भागोजीने पटकन नवं, खरं गाऱ्हाणं घातलं. रूपासाठी केलं, श्वास गेला, आता श्वासासाठी रूप सोडू का? "होय म्हाराजा" या वेळी जरा चवीने म्हटलं गेलं. ते विरायच्या आत एक कळी टपकन खाली आली.

डावी.

"नको म्हनते आई," भागोजी म्हणाला आणि उठायला लागला.

ठरलं. नाक राहिलं, अगदी देवीच्या हुकुमाने राहिलं. आनंद व्हायला हवा होता, पण अक्षयाला पुढच्या सगळ्या रात्री दिसायला लागल्या. जन्मभर असंच? उशीवर उशी रचून, तोंड उघडं टाकून झोपायचं? तिचे डोळे भरून आले आणि रडायला लागल्यावर तर श्वास पारच कोंडला. "मला श्वास हवाय हो," ती हुंदक्यातून म्हणाली. "नाक कसंही होऊ दे."

यमुनाबाई उठल्या. पदर खोचला.

"भागोजी, उजवा कोनाचा धरतंस?"

"कोनाचा म्हंजे? देवीचा. बापजाद्यांपासून देवीचाच."

"आनि बगनारी मानसां कोन? आमी. आमच्या बाजूनं बग. पडली ती उजवी."

जमलेल्यांनी पटापट माना डोलावल्या. याच यमुनाबाईंनी शिमग्यात पालखीची वाट दोन हात चुकली म्हणून मानकऱ्यांना परत फिरवलं होतं.

भागोजी कळवळला. "यमुनाबाय, असा धरला तर माज्या हातचे सगळेच कौल उलटे व्हतील! तुमच्या सागराच्या लग्नाचा कौल मीच लावलेला. हीच पोरगी करायची काय म्हनून. तो पन उलटा धरू?"

यमुनाबाईंनी सुनेकडे पाहिलं. लाल झालेलं ते सरळ, बारीक नाक, आणि त्याच्याखाली श्वासासाठी उघडं पडलेलं तोंड.

"तो बरोबर पडलेला," त्या म्हणाल्या. "त्याला हात लावायचा नाय. हा तेवढा आमच्या बाजूनं धर."

भागोजीने एकदा देवीकडे पाहिलं, एकदा यमुनाबाईंकडे, आणि दोघींत जी लवकर क्षमा करील तिचा राग पत्करला. कळी उचलून त्याने अक्षयाच्या ओंजळीत टाकली. तिने देवळाच्या पायरीवरूनच डॉक्टरांना फोन लावला.