डेंकेनडोर्फचा थांबा

इंगोलश्टाटमध्ये मराठी माणसांची पंधरा-वीस घरं होती आणि त्या सगळ्या घरांत मिळून शुभदा साबळेच्या गाडीत बसायला एकही जण राजी नसे. गाडी चांगली होती, शुभदा त्याहून चांगली होती, आणि वाटेत खायला चिवडा तर दरवेळी असायचाच. पण गाडी निघेपर्यंतच माणसाचा जीव मेटाकुटीला यायचा. हिवाळ्यात तर विचारूच नका. बाई आधी काचा खरवडणार, मग टपावरचा बर्फ केरसुणीनं झाडणार, मग पुढचे-मागचे दिवे पुसणार, मग डिकी उघडून फावडं, घोंगडी, वाळूची पिशवी आणि थर्मास जागच्या जागी आहेत ना ते बघणार. तोवर बाकीच्या गाड्या म्युनिकला पोचून पार्किंग शोधायला लागलेल्या असायच्या.

"शुभदाकडे गाडी नाहीये, बिऱ्हाड आहे," असं भिशीतल्या बायका म्हणायच्या. शुभदाही हसायची. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केरसुणी घेऊन टपाशी चवड्यांवर उभी राहायची, कारण मुळात उंची बेताचीच.

तिची ही शिस्त काही जन्मजात नव्हती. साताऱ्यात असताना ती स्कूटीवरून सुसाट सुटायची, हॉर्न हाच तिचा ब्रेक. जर्मनीत आल्यावर सहा महिन्यांनी भारतातलं लायसन्स चालेनासं झालं आणि तिला फारशूलचं, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचं, तोंड पाहावं लागलं. तिथले लेखनर नावाचे मास्तर अगडबंब, मिशाळ आणि कमालीचे शांत. शुभदा परीक्षेत दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा खांद्यावरून मागे वळून न बघितल्याबद्दल. तिसऱ्या खेपेला ती इतक्या वेळा मागे वळली की परीक्षकाला वाटलं, कोणी पाठलागावर आहे की काय. पास मात्र झाली.

लेखनरमास्तरांनी तिला बर्फातही मुद्दाम शिकवलं. "अॅक्सिलरेटरच्या पेडलखाली कच्चं अंडं आहे असं समजायचं," ते म्हणायचे. ब्रेक दणकन मारायचा नाही, स्टिअरिंग हिसकायचं नाही, दुसऱ्या गिअरवर हळूच निघायचं, उतारावर इंजिनालाच गाडी धरून ठेवू द्यायची, आणि पुढच्या गाडीपासून एवढं लांब राहायचं की मधे चार जणांनी घुसावं. शुभदानं हे सगळं पाठ केलं आणि वर्षानुवर्षं तसंच पाळलं. तिच्या नवऱ्याला, रुपेशला, याचं हसू यायचं. तो गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. दर जानेवारीत स्वीडनला जाऊन गोठलेल्या तलावावर गाड्या घसरवायच्या, हे त्याचं काम. "आम्ही एवढी अक्कल गाडीत घातलीय, ती वापर की," तो म्हणायचा. शुभदा म्हणायची, "गेनाऊ, अगदी बरोबर. पण टायरला कुठे माहितीये तुझी अक्कल."

तर त्या वर्षी रुपेश असाच स्वीडनला गेलेला होता आणि शुभदाच्या घरी सासू-सासरे मुक्कामी होते. रुपेशची धाकटी बहीण मैथिली एर्लांगेनला विद्यापीठात संशोधन करायची. तिला मुलगा झाला म्हणून प्रभाबाई आणि दीनानाथराव साताऱ्याहून आलेले. तीन महिने लेकीचं बाळंतपण निगुतीनं केलं, शेवटचे काही दिवस सुनेकडे आले. सोमवारी दुपारी म्युनिकहून परतीचं विमान होतं. आणि आदल्या दिवशी, रविवारी, एर्लांगेनला नातवाचं, छोट्या अनिमेषचं, पहिलं बोरनहाण ठेवलेलं. संक्रांत नुकतीच झाली होती. प्रभाबाईंनी हलव्याचे दागिने साताऱ्याहून बिस्किटांच्या डब्यात कापसात गुंडाळून आणले होते. मुकुट, हार, बाजूबंद, बोटभर बासरी. विमानात तो डबा त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नव्हता. नातवाला नटवायचं, त्याच्या डोक्यावरून चुरमुरे ओतायचे, पोटभर पापे घ्यायचे आणि मग खुशाल विमानात बसायचं, असा त्यांचा बेत होता. पुन्हा कधी येणं होईल, कोणी सांगावं?

रविवारी सकाळी खिडकीबाहेर पाहिलं तर रस्ता, कुंपण आणि शेजाऱ्याची गाडी सगळं बर्फाखाली एकच झालेलं. शुभदा जाकीट चढवून खाली पोचली आणि बघते तर काय. प्रभाबाई साडीवर कोट घालून, हातात उकळत्या पाण्याची किटली घेऊन, समोरची काच धुवायच्या बेतात!

"अहो आई, थांबा! काच तडकेल!"

"अगं, तुला खरवडत बसायला नको म्हणून म्हटलं," प्रभाबाई म्हणाल्या. त्यांना मदतीची भारी हौस आणि वेळेची भारी घाई. किटली आत गेली, केरसुणी बाहेर आली. निघताना त्यांनी शुभदाच्या तळहातावर दही ठेवलं. दीनानाथराव मागे बसले, कानटोपीत फक्त चष्मा दिसत होता. ते बांधकाम खात्यातून डेप्युटी इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, बोलायला अगदी हिशेबी.

पहिला टप्पा बरा गेला. ऑटोबानच्या हमरस्त्यावर बर्फ काढणारं पिवळं वाहन पुढे मीठ टाकत चाललेलं, त्याच्यामागे सगळ्या गाड्या गुमान रांगेत. शुभदानं सावकाश गाडी धरली. प्रभाबाई मांडीवरच्या डब्याला दोन्ही हातांनी धरून होत्या.

"छान चालवतेस गं. हलवा जराही हलला नाही," त्या म्हणाल्या.

शुभदा मनातून फुलून गेली. सासूनं तिच्या ड्रायव्हिंगचं कौतुक करण्याची ही पहिलीच खेप.

मग वारा उठला. बर्फ आता वरून पडत नव्हता, समोरून येत होता, आणि त्याला पोती उपडी केल्यासारखा जोर होता. पिवळं वाहन मधेच कुठेतरी वळून गेलं. रस्त्यावरचे पट्टे बुजले. पुढच्या ट्रकचे दोन तांबडे दिवे तेवढे दिसायचे, तेही कधी दिसायचे, कधी नाही. शुभदानं वेग आणखी उतरवला.

"आता जरा उरक बाई," प्रभाबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "बायका जमल्या असतील. मैथिली एकटी काय काय बघणार?"

तेवढ्यात पुढच्या ट्रकचं मागचं धूड हळूच डावीकडे सरकलं आणि हळूच उजवीकडे आलं. पाय ब्रेककडे धावत होता, त्याला तिनं आवरलं. तिनं अॅक्सिलरेटरवरून पाय अलगद उचलला. त्यांची गाडीही मागच्या अंगानं थोडी घसरली, शुभदानं स्टिअरिंग जेमतेम वळवून तिला चुचकारलं, आणि गाडी सरळ झाली. मागे बसलेल्या दीनानाथरावांनी श्वास सोडला, तो पुढेपर्यंत ऐकू आला. ट्रकही कसाबसा सावरला होता. प्रभाबाईंना काही कळलंच नव्हतं. त्या डब्याचं झाकण उचलून मुकुट बघत होत्या.

शुभदाला ठाऊक होतं की पुढे किंडिंगचा उतार आहे. लांब, तीव्र, वळणाचा. तिथे हा ट्रक पुढे असणार आणि असलेच आणखी मागे असणार. आपण कितीही नीट चालवलं तरी दुसऱ्याची गाडी आपल्या हातात नसते. उजवीकडे पाटी दिसली, डेंकेनडोर्फ, आउसफार्ट, म्हणजे बाहेर पडायची वाट. तिनं इंडिकेटर लावला.

"अगं, इथे कुठे? नुर्नबर्ग सरळ लिहिलंय ना!"

"अहो आई, आपण पुढे जायचं नाही. इथे थांबायचं."

"थांबायचं म्हणजे? किती वेळ?"

"ते या बर्फाला विचारावं लागेल."

"शुभकार्याला निघालेलं माणूस अर्ध्या वाटेवरून परत फिरत नाही, शुभदा! अगं, उद्या मी चाललेय!" प्रभाबाईंचा आवाज चढला. लग्न होऊन बारा वर्षं झाली, पण शुभदानं सासूचा शब्द असा तोंडावर कधी मोडला नव्हता. तिचे कान तापले. तरी गाडी तिनं आउसफार्टवरून गावात नेली आणि चर्चजवळच्या गास्टहोफच्या, म्हणजे गावातल्या खाणावळीच्या, दारात उभी केली.

आत भट्टी तापलेली होती. चार म्हातारे पत्ते खेळत होते. मालकीणबाईंनी यांचे कोट घेतले, प्रभाबाईंची साडी कौतुकानं न्याहाळली आणि न विचारता कॅमोमाइलचा चहा आणून दिला. प्रभाबाईंनी एक घोट घेतला आणि कोणी काढा पाजल्यासारखं तोंड केलं.

शुभदा बाथरूममध्ये गेली आणि तिथे तिनं दार लावून घेतलं. आपण उगाच घाबरलो का? ट्रक सावरलाच की. इतक्या गाड्या पुढे गेल्या, त्या पोचतीलही. म्हातारीचा नातू तिथे नटून बसलाय आणि आपण तिला पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांत आणून बसवलंय. तिला रडू आलं. तिनं तोंड धुतलं आणि बाहेर येऊन मैथिलीला फोन लावला.

"वहिनी, काय हे, सगळे थांबलेत!" मैथिली म्हणाली. मग इकडचं ऐकून तिचा सूर बदलला. "हो हो, बरोबर केलंस. पण आईला दे ना जरा."

प्रभाबाईंनी फोन कानाला लावला. तिकडे बायकांचा गलका होता, कोणीतरी मोठ्यानं ओवाळणीचं ताट मागत होतं. "तुम्ही करून घ्या गं," त्या म्हणाल्या. "पोराला ताटकळत ठेवू नका. डोळ्यात चुरमुरा जायला नको, टोपडं घाल." पुढे त्या नुसत्या ऐकत राहिल्या. चुरमुरे सांडल्याचा आवाज आला असेल, पोर खिदळल्याचा आला असेल. फोन परत करताना त्यांनी शुभदाकडे पाहिलं नाही.

"तुझ्या भीतीपायी माझ्या नातवाचं बोरनहाण हुकलं," त्या म्हणाल्या. एवढंच.

शुभदाला ते सुरीसारखं लागलं. तेव्हा दीनानाथरावांनी कानटोपी काढून टेबलावर ठेवली. त्यांना बोलायचं असलं की ते आधी कानटोपी काढत.

"प्रभा, मी पावसाळ्यात आंबेनळी घाट बंद करायचो, आठवतं? दरड कोसळली तर लोक म्हणायचे, साबळेसाहेबांनी वाचवलं. पण बहुतेक वेळा काही कोसळायचंच नाही. मग त्याच लोकांच्या शिव्या खायच्या. लग्नाची वऱ्हाडं अडकायची, कोणाच्या परीक्षा बुडायच्या. मला कधीच सांगता आलं नाही की बघा, माझं बरोबर होतं. जे घडलं नाही ते दाखवणार कसं?" त्यांनी शुभदाकडे पाहिलं. "तुलाही दाखवता येणार नाही, पोरी. सोस."

दुपार कलल्यावर बर्फ थांबला. पुढचा रस्ता मोकळा व्हायला रात्र होईल, असं मालकीणबाई म्हणाल्या. परतीचा मात्र साफ झाला होता. शुभदानं पुन्हा टप झाडला आणि गावागावांतून, शेतांच्या कडेनं, सगळ्यांना हळूहळू घरी आणलं. हलव्याचा डबा ओट्यावर राहिला. पुढे कधीतरी शुभदा तो मैथिलीला पोचवणार, असं ठरलं. प्रभाबाई लवकर निजल्या.

रात्री रुपेश स्वीडनहून परतला, थंडीनं नाक लाल झालेलं आणि स्वारी खुशीत. सगळी हकीगत त्यानं सकाळी नाश्त्याला ऐकली. पोहे खाता खाता म्हणाला, "एवढंच ना? मी असतो तर नेली असती."

प्रभाबाईंचा घास हातात राहिला. त्यांनी लेकाकडे पाहिलं, मग शुभदाकडे पाहिलं आणि घास तोंडात घातला.

निघायची वेळ झाली. बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झालेली. शुभदा नेहमीप्रमाणे चवड्यांवर उभी राहून टप झाडत होती. रुपेशनं बॅगा भरल्या, चावी फिरवत आला आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. "आई, तू पुढे बस. बघ आता, विमानाच्या आधी विमानतळ येतो की नाही."

प्रभाबाई फाटकाशी थांबल्या.

"चावी शुभदाला दे."

"अगं आई, मी दोन आठवडे बर्फातच गाडी चालवून आलोय!"

"चालवून आलास ना? मग दमला असशील. मागे बस."

रुपेशनं हसून बापाकडे पाहिलं. दीनानाथराव कानटोपीत शिरून मागच्या सीटवर केव्हाच बसले होते, तिकडून मदत येण्यातली नव्हती. त्यानं चावी दिली आणि बॅगांशेजारी अंग चोरून बसला. शुभदाच्या हातात एकीकडे केरसुणी आणि एकीकडे चावी. कुठलं काय करायचं ते तिला क्षणभर सुचेना.

प्रभाबाईंनी तिच्या हातातली केरसुणी घेतली आणि पुढची काच स्वतः पुसली. मग आत बसून पट्टा लावला, पदर आवरला आणि समोर बघत म्हणाल्या, "चल. आणि वाटेत कुठे थांबावंसं वाटलं तर मला विचारत बसू नकोस. विमान गेलं तर दुसरं मिळेल."