तलावाच्या पाळीवरची गाडी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण — कारण काय, ते मलाच नीट ठाऊक नाही.

माझा एक नाद आहे. सिनेमात ॲम्ब्युलन्स दिसली की मी सिनेमा थांबवतो. ही खरी, की रंग मारून उभी केलेली? इंटरनेटवर एक जागा आहे, तिथं जगभरातले माझ्यासारखे लोक सिनेमातल्या गाड्या ओळखून नोंदवतात. खरी ॲम्ब्युलन्स लपत नाही हो. स्ट्रेचरच्या चाकांनी मागची पट्टी घासलेली असते. सलाईनच्या हुकाजवळ छत काळपट झालेलं असतं. ते दिसलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो — नट मरायचं नाटक करतोय, आणि तो ज्यावर झोपलाय त्यावर खरंच कोणीतरी शेवटचा श्वास घेतलेला असतो.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातलं, कामठ्याकडचं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. त्याचा मला गर्व आहे, लपवत नाही. त्या शिक्षणापायीच गावच्या मंडळानं आपल्या ॲम्ब्युलन्सचा कारभार माझ्याकडं दिला. गाडीवर लिहिलेला नंबर माझा. कोणी आजारी पडलं की फोन मला, आणि मी ड्रायव्हर मुन्नाला पाठवायचो.

मग आमच्या तलावावर सिनेमावाले आले. त्यांना एका दिवसासाठी ॲम्ब्युलन्स हवी होती. मी मंडळाला न विचारता दिली. त्यांनी आमचं नाव, नंबर झाकला आणि वर कुठल्याशा शहरी दवाखान्याचं नाव चिकटवलं. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभी राहिल्यावर ती गाडी — काय सांगू. क्रेनवरचा कॅमेरा वर चढत होता, पाण्यात लाल दिवा हलत होता, सगळी माणसं श्वास धरून उभी. आमचीच खडखडी गाडी, आणि मला देवळात उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

तेव्हा खिशात फोन थरथरला. शेजारचा रमेश.

"भाऊ, गाडी पाठव ना लवकर. आईचं तोंड वाकडं झालं, हात उचलूनच नाही राहिली. सरकारी गाडीले वेळ लागते म्हणते."

रमेशची आई म्हणजे देवका काकी. माझी आई धानाच्या रोवणीला, भातलावणीला गेली की माझा कॉलेजचा डबा बांधून देणारी.

गाडी माझ्यापासून वीस पावलांवर होती. गाव पाण्यापलीकडं, दहा मिनिटांवर. तीनदा बिघडलेला शॉट चौथ्यांदा लागत होता. आणि मी — हळू आवाजात, शूटिंगला त्रास नको म्हणून — म्हणालो, गाडी गोंदियाला गॅरेजात आहे रे, क्लचप्लेट गेली.

"किसका फोन था भैया?" मुन्नानं विचारलं.

"घर का," मी म्हणालो.

तासभर तो शॉट पुन्हा पुन्हा घेत राहिले. तासभर मला तोंड उघडता आलं असतं. नाही का?

रमेशनं आईला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नेलं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला पाहिजे होतं. काकी वाचली. उजवी बाजू गेली.

मुन्ना पुढं रायपूरकडं ट्रकवर गेला. सिनेमा आला तेव्हा मी मोबाईलवर तो थांबवत थांबवत पाहिला. वाकलेली पायरी, मागच्या दाराखालचा पोचा — आमचीच. आणि तिच्या मागं, पाण्यापलीकडच्या रस्त्यावर, नखाएवढा लाल ट्रॅक्टर. ट्रॉलीत कोणीतरी उभं राहून चादर धरलेली, खाली निजलेल्या माणसाला ऊन लागू नये म्हणून. त्या दिवशी मला तो दिसला नव्हता. मी कॅमेऱ्याकडं बघत होतो ना. शॉट फार सुंदर आहे. आजही बघताना मी बघतच राहतो — तेही कबूल करतो.

मी नोंद केली: ॲम्ब्युलन्स खरी, वापरातली. एका परदेशी माणसानं विचारलं, इतक्या खात्रीनं कसं सांगता? मी पायरी दाखवली, पोचा दाखवला. त्यानं वाहवा केली. मग मागच्या ट्रॅक्टरबद्दल विचारलं. मी लिहिलं, माहीत नाही.

पुढं एकदा रमेशनं काकीला तोच सिनेमा दाखवला. मी तिथंच बसलो होतो.

"कशी चमकून राहिली," काकी अडखळत म्हणाली. "अस्सल वाटते."

"नकली आहे ते, आई," रमेश हसला. "तुले नेताना पाहिली ना मी पलीकडून. खरी असती तर त्यांच्या पाया पडून घेऊन आलो असतो." मग माझ्याकडं वळला. "तू सांग भाऊ, तुले तर सगळ्या गाड्या समजते. नकलीच होती ना?"

"हो," मी म्हणालो. "नकलीच."

काकीनं डाव्या हातानं चहाचा कप माझ्याकडं सरकवला. मी चहा प्यालो.