मुलांच्या पंगतीतली चोवीस वर्षांची

आमच्या कुंडलच्या घरात माझे किस्से गादीखालच्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे साठत जातात. कुणी टाकून देत नाही, आणि पाहुणे आले की आई हमखास एक ओढून काढते! म्हटलं, आता मीच सांगते.

मी चोवीस वर्षांची, एम.एस्सी., ऑटिस्टिक. आवाज, गर्दी आणि घाई एकदम आली की डोकं बंद पडतं. आनंद झाला की हात आपोआप फडफडतात. आतून कधी नऊ वर्षांची वाटते, कधी साठची. चोवीसची अजून एकदाही वाटलेली नाही! याची अडचण मला नाही, घरच्यांना आहे.

त्यात गेल्या वर्षी मला कराडला माती तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. रोज दोन एसट्या बदलून जायचं, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं. म्हणून तिथं खोली घ्यायची होती. एकटीनं. ‘बारक्या पोरीला’ एकटं सोडायचं का, यावर घरात सहा महिने खल चालला.

*

नोकरीच्या पहिल्या दिवशी मला सोडायला काका आले. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, फौजेतले रिटायर्ड सुभेदार. कंडक्टरनं काकांना फुल तिकीट दिलं, मला हाफ.

काका खूश. “बगितलंस? त्येला बी कळलं तू ल्हान हायस ते!”

“आवं काका, बायकांना हाफच असतंय. मागच्या मावशींना बी हाफच दिलंय. त्यांना कवळी हाय!”

कराड येईपर्यंत काका खिडकीबाहेर बघत होते.

*

मी एकोणीस वर्षांची असताना सांगलीच्या डॉक्टरांनी माझी तपासणी केली. ते मला विचारायचे, उत्तर आई द्यायची.

“झोप लागते का तुला?”

“लागती की,” आई.

“मोठे आवाज सहन होतात?”

“न्हाई होत. कुकरची शिट्टी झाली की पळती,” आई.

“मैत्रिणी आहेत?”

“हायेत दोन,” आई.

मी म्हटलं, “डॉक्टर, रिपोर्टवर नाव पण आईचंच घाला!”

*

उंब्रजला चुलतबहिणीचं लग्न होतं. आमच्यात मुलांची पंगत आधी बसते, मी तिच्यातच बसले. वाढप्यानं लांबूनच आवाज दिला, “ताई, तुमी मोठ्या बायकांच्यात बसा की.” तेवढ्यात काकू धावली, “बसू दे रं तिला हितंच, ती मनानं बारकीच हाय!”

मी चिडले का? चिडले. उठले का? अजिबात नाही!

पलीकडे बायका एकमेकींना विचारत होत्या, “हिचं कवा?” इकडे शेजारच्या सहा वर्षांच्या पोरानं मला विचारलं, “कावळ्याला दात असत्यात का?” आम्ही त्यावर जिलेबी संपेपर्यंत बोललो. त्या लग्नात कुणी माझ्याशी केलेलं एवढं एकच शहाणं बोलणं!

*

लॅबमध्ये माझ्या टेबलावर कापडी हत्ती असतो. डोकं भरलं की मी त्याची सोंड पिळते. एकदा एक शेतकरी पिशवी घेऊन आले. हत्तीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“पोरी, मोठ्या मॅडमला बोलीव.”

“मीच हाय.”

त्यांनी नाइलाजानं पिशवी ठेवली. उसाच्या रानातली माती, म्हणाले. चार दिवसांनी रिपोर्ट न्यायला आले तेव्हा मी म्हटलं, “काका, ही रानातली माती न्हाई. गोठ्यामागची हाय.”

त्यांचा चेहरा पडला. “रान लांब हाय, ऊन लय हुतं... पर तुला कसं कळलं?”

“यात शेणच शेण हाय! ह्या रिपोर्टवर खतं टाकली तर ऊस खुरटंल तुमचा. रानात आठ-दहा ठिकाणी खणून, मिसळून आणा.”

दोन दिवसांनी आणली. पिशवीवर चिठ्ठी होती, ‘हत्तीवाल्या मॅडमना देणे.’

लहानपणी मातीत खेळले म्हणून मार खाल्लाय मी. आता त्याचा पगार मिळतो!

*

आमच्या घरात मोठा निर्णय असला की जाजम अंथरतात. त्यावर मोठ्यांनीच बसायचं. माझ्या खोलीसाठीही अंथरलं आणि मला म्हणाले, “तू जा, पोरांच्यात खेळ जा.” मी जाजमाच्या मधोमध मांडी घातली.

काकांनी परीक्षा सुरू केली. “गॅस बंद करायला येतंय?”

“येतंय.”

“दाराची कडी?”

“येती.”

“आजारी पडलीस तर?”

“डॉक्टर खालच्याच मजल्यावर हाय. काका, आता मी विचारते. हितं बसलेल्यांत एकटं कोण राहिलंय?”

काका मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “मी फौजेत...”

“बराकीत तुमी चाळीस जण हुता!”

वडील आजोळी वाढले, तिथून थेट या घरात आलेले. आई माहेरहून सासरी. काकूचंही तेच. माझे हात फडफडायला लागले, आणि या वेळी मी ते दाबून धरले नाहीत.

शेवटी वडील म्हणाले, “सामान कवा न्यायचं?”

जाजमाच्या कडेला आत्या शेंगा फोडत बसली होती. वडिलांची बहीण. नवरा गेल्यापासून तीस वर्षं आमच्याकडेच आहे, बिनदाराच्या सोप्यात, सगळ्यांच्या येण्या-जाण्यात झोपते. माझ्या वागण्यावर सगळ्यात जास्त तीच ओरडते. मला वाटलं, आता हिचं सुरू होणार.

आत्यानं हातातली शेंग खाली ठेवली.

“त्या खोलीची कडी आतनं लागती का गं?”

“लागती.”

“मग मी बी यीन. दोन दिस. तू कामावर गेलीस की लावून बसीन.”