एका ग्लासाचा मिक्सर

रोह्याच्या स्टेशनात आई बाकड्यावर बसलीच नाही. निडीहून आम्ही मिनिडोर रिक्षाने आलो होतो, गाडीला वेळ होता, भाऊ दोनदा म्हणाला बस म्हणून. पण ती माझ्या बॅगेवर हात ठेवून उभीच राहिली. बॅग तिला न सांगता निघून जाईल असं वाटत असावं. आमच्या निडीला लांबच्या गाड्या थांबत नाहीत, म्हणून रोह्याला यायचं. रोह्यापासून रूळ खाली कोकणात उतरत जातात एवढं लहानपणापासून ठाऊक होतं. ते शेवटी कुठे जातात हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. गाडी आली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "सामान वाढवू नको गो. परत येशील तवा एका हातात मावलं पायजे."

जप, वेळेवर जेव, पोचल्यावर फोन कर, यातलं काहीच नाही. गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून बघितलं, तर ती माझ्याकडे बघत नव्हती. वर फळीवर ठेवलेल्या बॅगेकडे बघत होती.

मी वंदना. नववीला गणितात राहिले आणि त्याच वर्षी मामा मला पेणजवळ जोह्याला घेऊन गेला. जोह्यात घराघरात गणपतीचे कारखाने. आधी मी घासकाम केलं, पॉलिश पेपरने मूर्ती गुळगुळीत करायची, नाकातोंडात पांढरी धूळ. मग सोवळ्याला रंग, मग दागिने, आणि मग बऱ्याच वर्षांनी आखणी. आखणी म्हणजे डोळे काढणं. ते कारखान्यात एक-दोघांनाच देतात. मला दिलं. शाळेत माझ्या वहीवर बाई लाल रेघ मारायच्या, आणि इथे मी मारलेल्या रेघेला कुणी हात लावत नव्हतं. जोह्याचे उपकार मी कधी विसरणार नाही. पेणच्या बाजारात कुणी "आखणीवाली ना तू" म्हणालं की मी पदर सारखा करायची, उगाचच.

केरळातले साहेब तिथेच आले होते. बागांसाठी, मॉलसाठी फायबरची जनावरं बनवतात ते. हत्ती, जिराफ, एवढाले डायनासोर. आमच्या मालकांना म्हणाले, "हमारा जानवर अच्छा बनता है, लेकिन आंख मरा हुआ लगता है." मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. दोन वर्षं कर आणि ये, म्हणाले, तुझी जागा इथे ठेवतो. मी हो म्हणाले. हो म्हटल्यावर घरी जाऊन रडले, पण ते कुणाला सांगितलं नाही.

इथे येऊन ती दोन वर्षं आता संपत आली आहेत. माडाची झाडं तीच, समुद्र तोच, भातही पिकतो, पण तांबडा आणि जाड. भाषा एक अक्षर कळत नाही. पहिले काही महिने मी बसमध्ये पाट्या अशा बघायची, जसं अक्षर ओळखायच्या आधी पोर पुस्तक बघतं. नववीपर्यंत शिकले होते ते सगळं इथे पुसून गेलं. साहेब भले आहेत. कामावरची माणसं मोडक्या हिंदीत हसवतात. मी ज्या लेडीज हॉस्टेलवर राहते तिथे मला एकटीची खोली दिली, कारण बाकीच्या मुली नर्स आहेत आणि त्यांच्या शिफ्टचा आणि माझ्या कामाचा मेळ बसत नाही. एकटीची खोली मिळाली म्हणून मी सगळ्यांचे आभार मानले. आता कधीकधी वाटतं, थोडे कमी मानायला हवे होते.

जिराफाचा डोळा करताना शिडीवर मला अंधारी आली. पडले नाही, खालच्या पोराने धरलं. पण साहेबांनी बघितलं. स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेले, औषधंही स्वतःच आणली. डॉक्टरांनी विचारलं सकाळी काय खाता. मी म्हणाले चहा. माझी बस हॉस्टेलची मेस उघडायच्या आधी सुटते, मग चहाच्या टपरीवर बिस्किट, तेही कधी कधी. परत येताना गाडीत साहेब म्हणाले, "वंदना, पुढे बागेचं मोठं काम आहे, वर्षभर चालेल. तू राहिलीस तर मला हवंच आहे. पण शिडीवर उपाशी माणूस मी चढवणार नाही. पुन्हा असं झालं तर मला तुला घरी पाठवावं लागेल." हिंदीत म्हणाले, पण मला मराठीत ऐकू आलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यानेच जास्त भीती वाटली.

हॉस्टेल चालवणाऱ्या बाईंना सगळ्या चेची म्हणतात, म्हणजे ताई. त्यांना मी विचारलं, खोलीत काही करून खाल्लं तर चालेल का. त्या म्हणाल्या गॅस नाही, शेगडी नाही, कपड्यांची इस्त्रीसुद्धा नाही. मग माझं तोंड बघून म्हणाल्या, "गरम होने वाला नहीं चलेगा. घूमने वाला चलेगा." हाताने गोल फिरवून दाखवलं. केळं, दूध, ओट्स, भिजवलेले बदाम, एक मिनिट, पी आणि जा. नर्स मुलींपैकी दोघींकडे तसलं यंत्र आहे. स्मूदी म्हणतात त्याला.

परवडत होतं. प्रश्न पैशांचा नव्हता, नाहीतर मी केव्हाच नाही म्हणून मोकळी झाले असते. दुकानात गेले तर खोक्यावर एका बाईचा फोटो, व्यायामाच्या कपड्यात, हातात लाल फळांचा ग्लास, आणि ती एकटीच हसत होती. यंत्र म्हणजे एक ग्लास आणि खाली मोटर. ग्लास उलटा बसवायचा, दाबायचं, काढायचं, त्याच ग्लासाने प्यायचं. दुकानातल्या पोराने विचारलं, "फैमिली में कितने लोग?"

"मैं."

"तो परफेक्ट है," तो म्हणाला. त्याला आनंद झाला.

मी विचारलं, "इसमें नारियल पिसेगा?" तो म्हणाला पाणी घालावं लागेल, सुकं नाही होणार, हे फळांचं आहे. मी खोकं परत ठेवलं. खरं म्हणजे मला खोबरं वाटायचं नव्हतंच. वाटून टाकणार कशात. पण निडीला आमच्या घरी मिक्सर लागला की समोरची काकू पडवीतून हाक मारायची, काय बेत आज. बिरडं असेल तर वाटी घेऊनच यायची. वाल सोलायला मात्र यायची नाही, हे आई तिला तोंडावर सुनवायची. मिक्सरचा आवाज म्हणजे आमच्याकडे गावाला निरोप होता. आणि हे यंत्र असं की त्यात दुसऱ्याला द्यायला काही उरतच नाही.

काळज्या तर शंभर होत्या. शेजारच्या नर्स मुली रात्रपाळी करून सकाळी झोपतात, आवाजाने उठल्या तर? दूध खालच्या ऑफिसातल्या फ्रिजमध्ये, ते कुणी संपवलं तर? पातं धुताना बोट कापलं तर ब्रश कसा धरणार? पण या सगळ्याच्या मागे एकच होतं, आणि ते मला दुकानातच कळलं होतं. बॅगेत हे मावणार नाही. दोन वर्षांत मी इथे एक बादली, एक चादर आणि एक छत्री घेतली. तिन्ही टाकून जाता येतील अशा. हे घेतलं म्हणजे मी राहिले.

आईला फोन लावला. ती तेव्हा अंगणात असते, रेंज तुटक येते. म्हणाले, आई, मिक्सर घेऊ का एक छोटा?

"मिक्सर? चूल नाय न मिक्सर कशाला गो?"

"फळांचा आहे. दुधात घालून प्यायचं."

"मंग हातान कुस्कर. दात पडले काय तुजे?"

मी हसले. ती पण हसली. अंधारी आल्याचं मी तिला सांगितलं नव्हतं. साहेबांनी वर्षाचं काम विचारलंय हेही नाही. तिच्या हिशोबात मी जोह्याचा सीझन सुरू व्हायच्या आधी परत येणार होते. फोन ठेवायच्या आधी माझ्या तोंडून निघून गेलं, "आई गो, एकटं एकटं वाटतं."

पलीकडे खरखर झाली. मग ती म्हणाली, "एकटीच वाटतंस? मंग बाकीच्या पोरी काय करतान, बघत बसतान?"

तिला वाटलं मी खोबरं वाटते. आपल्या भाषेने मनातलं आणि पाट्यावरचं एकाच शब्दात ठेवलंय, त्याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला. दुरुस्त करून सांगायला पुन्हा तेच वाक्य म्हणावं लागलं असतं, आणि ते दुसऱ्यांदा म्हणायची माझ्यात ताकद नव्हती. मी म्हणाले, "हो गो, कुणी हात नाही लावत." ती चिडली. "तू पण नको देऊस मंग त्यांना," म्हणाली. माझ्या बाजूने भांडली ती, न झालेल्या वाटणासाठी. त्याने बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

जे माझ्यासारखे बाहेर गेलेत त्यांना हे माहीत असेल. आपण घरी फोनवर जे बोलतो ते बरंचसं असं असतं. आपण एक म्हणतो, पलीकडे दुसरं पोचतं, आणि जे पोचलं त्यावरच आपण दोघं समाधान मानतो. माझं तसं दोन वर्षं चाललं होतं. पण साहेबांना उत्तर द्यायचं होतं, आणि त्या आठवड्यात बागेच्या पहिल्या हत्तीचं डोकं साच्यातून निघालं. मी त्याच्यासमोर उभी राहिले. नुसता पांढरा, डोळ्यांच्या जागी दोन खळगे, माझ्या दोन्ही हातांनी झाकणार नाहीत एवढे. जोह्यात मी डोळे काढले ते करंगळीच्या नखाएवढे, आणि दीड दिवसात, दहा दिवसात पाण्यात जायचे. हे राहणार होते. पोरं येऊन बघणार होती. मला तो हत्ती करायचा होता. जोह्याला परत गेले असते तर कुणी मला कमी केलं नसतं, माझी जागा तिथे होतीच. पण मला इथे राहायचं होतं, आणि हे मान्य करताना मला घरच्यांचं काहीतरी चोरल्यासारखं झालं.

रविवारी जाऊन ते यंत्र घेतलं. चेचींनी उद्‌घाटनाला दुधाची पिशवी दिली. केळी मी माझ्या अकलेने आणली, इथली सगळ्यात मोठी, पिवळीधमक. सोमवारी सकाळी यंत्राखाली टॉवेल घातला, वरून चादर धरली आणि दाबलं. ग्लासात जे झालं ते पिण्यासारखं नव्हतं. चमचा उभा राहत होता. ती केळी इथे तळतात नाहीतर उकडतात, नुसती दुधात फिरवत नाहीत, हे चेचींनी हसता हसता सांगितलं. त्यांनी दाखवलेली छोटी केळी आणल्यावर जमलं. नर्स मुली उठल्या नाहीत. कुणीच दारावर आलं नाही, काय बेत म्हणून. मी खाटेच्या काठावर बसून ग्लास रिकामा केला, धुतला, आणि बस पकडली. शिडीवर चढले. डोळ्यांपुढे हत्तीशिवाय काही आलं नाही.

साहेबांना हो म्हणाले. मग संध्याकाळी आईला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, अंधारीपण. मध्ये रेंज गेली तर परत लावून राहिलेलं सांगितलं. मिक्सर घेतला, वर्षभर राहते, सीझनला येत नाही, मालकांना तसा निरोप दे.

आई म्हणाली, "वंदे, मंग तुज्या खाटेवर वालाची पोती ठेवू काय? उंदरांनी पार सतावलंय. खाली ठेवायला जागा नाय."

खिडकीखालची ती खाट. मी गेल्यापासून तिच्यावर आईने कुणाला बसू दिलं नव्हतं. वहिनीने पोराला झोपवायला मागितली तरी नाही म्हणाली होती, हे भाऊ मला सांगायचा. मी म्हणाले, ठेव.

"येशील तवा काढीन," ती म्हणाली.

"हो."

"काढायला किती वेळ लागतंय. भिंतीला उभी करायची." आणि मग, "रोज पितंस ना ते?"

आता तिथे पोती आहेत. भावाने फोटो पाठवला, वर गोणपाट टाकलंय, आणि वहिनीचा पोरगा त्याच्यावर चढून बसलाय. मी तो फोटो बराच वेळ मोठा करून बघितला. खिडकी, खिडकीचे गज, खाटेचा एक पाय दिसतो. पूर्वी मी पेणहून एसटीने, जोह्यातून कुणाच्या टेम्पोत, कशीही न सांगता घरी जायची, आणि रात्री आडवी व्हायला माझी जागा असायची. घर म्हणजे मला तेवढंच ठाऊक होतं, न सांगता जायची जागा. आता येईन तेव्हा आठवडाभर आधी कळवीन म्हणते. पोतं जड असतं, आईची कंबर धरते, आणि मी अचानक दारात उभी राहिले तर ती भावाची कंपनीतली शिफ्ट सुटायची वाट बघणार नाही. एकटीच उचलायला जाईल.