मंडळी कुठे आहे?

माझी पनवेलला बदली झाली तेव्हा बायकोला जाऊन चार महिने झाले होते. काविळीनं नऊ दिवसांत गेली. सहा वर्षांची मुलगी नगरला सासूबाईंकडे होती. मी मोजणी खात्यात कारकून. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, पनवेलच्या आसपास जो तो जमीन मोजून घ्यायला धावत होता आणि खात्याला तिकडे माणसं हवी होती. बदलीचा कागद हातात पडला तेव्हा मला बरंच वाटलं. नगरला रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण माझा हात हातात घेऊन उभा राहायचा, आणि मला कुणाचाच हात नको होता.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंकडे गेलो. त्या मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. सासरे फार पूर्वीच वारलेले. जन्मभर लोकांना सुया टोचून त्यांचं बोलणंही तसंच झालंय, असं म्हणून मी बायकोला चिडवत असे.

"खोली मिळाली की पोरीला घेऊन जातो," मी म्हणालो.

"तिथं मंडळी आहे?" त्यांनी विचारलं.

हे जरा सांगायला हवं. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे चर्च. इमारत नव्हे, माणसं. रविवारी एकत्र बसून उपासना करणारी, कुणी आजारी पडलं की घरी येऊन प्रार्थना करणारी आणि कुणाच्या घरात काय चाललंय याची खडान्‌खडा माहिती ठेवणारी माणसं.

"असेल की," मी म्हणालो.

"असेल म्हणजे काय? आधी बघा. घर कुठेही मिळतं. मंडळी नाही तिथं पोर वाढत नाही, नुसतं उंच होतं. मंडळी सापडली की कळवा, मी स्वतः आणून सोडते. तोवर ती इथंच."

मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. "पप्पा, लवकर शोधाल ना?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

आमच्या पाळकांनी, म्हणजे पाद्रींनी, दाखला दिला. एका मंडळीतून दुसऱ्या मंडळीत जाताना असा दाखला न्यायचा असतो, की हा आमचा माणूस, याला आपल्यात घ्या. तो मी ट्रंकेत कपड्यांच्या खाली ठेवला.

खरं सांगायचं तर तेव्हा देवाचं आणि माझं बोलणं बंद होतं. ते नऊ दिवस मी त्याच्याशी जितकं बोललो तितकं उभ्या जन्मात बोललो नव्हतो, आणि त्यानं हूं की चूं केलं नाही. मग मीही अबोला धरला. मला मंडळी माझ्यासाठी नको होती. सासूबाईंना दाखवून पोरगी परत आणण्यापुरती हवी होती.

नवीन पनवेलला दुसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली. कचेरीचे सहा दिवस कसेही जायचे. रविवार मात्र अंगावर यायचा. जुन्या सवयीनं मी सकाळी दाढी करायचो, इस्त्रीचा शर्ट घालायचो, बूट चढवायचो, आणि मग आठवायचं की जायचं कुठेच नाहीये. आजूबाजूच्या सगळ्या घरांतून टीव्हीवरच्या पौराणिक मालिकेचे शंख ऐकू यायचे, रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, आणि मी पायांत बूट घालून खाटेवर बसून राहायचो. दुपारी खाणावळीत जेवून आलो की ते काढायचो. दर आठवड्याला मुलीचं पेन्सिलीनं लिहिलेलं पत्र यायचं. खाली ठरलेली ओळ असायची, मंडळी सापडली का?

शोधली नाही असं नाही. कॅथलिक चर्च होतं, पण त्यांची रीत वेगळी आणि सासूबाई त्या बाबतीत कडक. केरळच्या लोकांची प्रार्थना एका शाळेच्या वर्गात भरायची. माणसं लाख चांगली. मला पुढच्या बाकावर बसवायची, शेवटी चहा आणि केळ्याचे वेफर्स द्यायची. पण येशूच्या नावापलीकडे मला एक अक्षर कळायचं नाही. लहान मुलांच्या बाकात गुडघे आखडून मी दोन तास बसायचो, आणि बाहेर पडताना आत गेलो होतो त्यापेक्षा जास्त एकटा असायचो. सासूबाईंना हे कळवलं असतं तर त्यांनी लिहिलं असतं, पोरगी तिथं काय शिकणार, वेफर्स खायला?

असे दोन महिने गेले. एका रविवारी असाच बूट घालून गॅलरीत उभा होतो. शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहत, मुंबईच्या कचेरीत जन्म घालवून मोकळ्या हवेसाठी इकडे आलेले. मी त्यांना काका म्हणायचो. मालिका संपवून ते बाहेर आले.

"काय साहेब, एकटेच? मंडळी कुठे आहे?"

मला भरून आलं. या गावात कुणीतरी पहिल्यांदा ते विचारत होतं. एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. काकांच्या पिढीत मंडळी म्हणजे बायको.

"इथं नाही हो," मी म्हणालो. "नगरला होती. ती सुटली. इथं शोधतोय दोन महिने."

काकांनी चष्मा काढून पुसला. "शोधताय? बरं, बरं. कशी हवी?"

"मराठी बोलणारी असली की पुरे. परवा केरळची बघितली. छान आहे, पण भाषेचं जमत नाही."

"केरळपर्यंत पोचलात? कमाल आहे!"

"लहान असली तरी चालेल," मी म्हणालो.

काका एक पाऊल मागे सरकले. "किती लहान?"

"तीस-पस्तीस असली तरी पुष्कळ."

ते ऐकून त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. "नाही, तसं वय ठीक आहे. आमच्या बघण्यात एक आहे. पत्रिका आहे का तुमची?"

"पत्रिका नाही, दाखला आहे. पाळकांच्या सहीचा."

"पालकांच्या?"

इतक्यात काकू हात पुसत दारात आल्या. त्या आतून सगळं ऐकत असाव्यात. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मला सरळ विचारलं, "तुमची बायको कुठे असते हो?"

"वारली," मी म्हणालो.

हा शब्द मी पनवेलमध्ये पहिल्यांदाच उच्चारला. नगरला सांगायची वेळच आली नव्हती, सगळ्यांना ठाऊकच होतं. इथं कुणाला सांगितलंच नव्हतं. तोंडातून निघाला आणि मला रडू कोसळलं. काकू चहा टाकायला आत गेल्या, काका कठडा धरून उभे राहिले. चहा पिता पिता मी ख्रिस्ती असल्याचं, मंडळी म्हणजे काय ते आणि मुलीचं, असं सगळं सांगितलं. काका खाली मान घालून ऐकत होते. ज्याच्यासाठी स्थळ काढलं त्याची बायको मेलेली, आणि तो चर्च शोधतोय, याची त्यांना फार लाज वाटली.

म्हणूनच बहुधा त्यांनी कंबर कसली. पुढच्या शुक्रवारी माझ्या दारावर थाप मारून म्हणाले, "सापडली तुमची मंडळी! जुन्या पनवेलात. मूर्ती नाही, घंटा नाही. टोप्या घालून पुस्तक वाचतात. आणि बोलतात अगदी आपल्यासारखं मराठी. उद्या सकाळी बोलावलंय."

"शनिवारी?"

"आता तुम्ही लोक शनिवार-रविवार काय करता ते मला काय ठाऊक?"

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत रजा टाकली. रिक्षातून उतरलो आणि दारापाशीच समजलं, की हे यहुद्यांचं, म्हणजे ज्यू लोकांचं, प्रार्थनालय आहे. पण काका तोवर आत पोचले होते. "तुमचा एक माणूस आणलाय!" असं ते मोठ्यानं म्हणाले, आणि आत बसलेले सात जण उठून उभे राहिले. त्यांचे चेहरे फुलले. त्यांच्यातले सर्वांत म्हातारे पुढे आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "या, या. आठ झाले."

पूर्ण प्रार्थनेला त्यांना दहा पुरुष लागतात, हे मला तेव्हा कळलं.

"मी ख्रिस्ती आहे," मी म्हणालो.

ते हसले. "म्हणजे सातच. असू दे. आलात तर बसा." त्यांनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली. काका घाईघाईनं घरी गेले. मी मागच्या बाकावर बसलो. अर्धा तास ते सात जण उरलेल्या तिघांची वाट बघत होते. बाहेर रिक्षा थांबली की सगळ्यांची तोंडं दाराकडे वळायची. कुणी आलं नाही. मग त्यांनी सुरुवात केली.

निघताना मी त्या आजोबांना माझ्या शोधाचं सांगितलं आणि विचारलं, "दहा नव्हते, मग?"

"काही प्रार्थना गाळाव्या लागतात. बाकीच्या म्हणायच्या," ते म्हणाले. "आमची घरंच्या घरं परदेशी गेली. माणसं नाहीत म्हणून शनिवारही सोडला, तर मग उरलं काय?" मग माझ्याकडे मिस्कील बघत म्हणाले, "तुमच्यात म्हणे दोघं-तिघं असली तरी भागतं?"

"हो. येशूनंच तसं म्हटलंय."

"मग तुमचं सोपं आहे की. रडता कशाला?"

मला राग आला. रूळ ओलांडून घरी चालत येईपर्यंत तो वाढतच गेला. सोपं म्हणे! दोघं कुठून आणू? होतो की दोघं, होतो की तिघं. खोलीचं दार लावलं आणि तोंडाला येईल ते बोलायला लागलो. दोन-चार वाक्यांनंतर लक्षात आलं की मी त्या आजोबांशी भांडत नव्हतो. देवाशी भांडत होतो. अबोला सुटला होता. खूप बोललो, बरंच वाईटही बोललो. उत्तर आलं नाही. पण त्या खोलीत माझं कुणीतरी ऐकून घेतलं, एवढं मला नक्की वाटलं. ते पटवून द्या म्हणाल तर मला जमणार नाही. त्या दिवशी मी स्टोव्ह पेटवून स्वतःसाठी भात टाकला, खाणावळीत गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, चटई टाकली आणि एकट्यानं उपासना केली. शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, एक अध्याय वाचला, एक गीत म्हटलं. माझा आवाज मुळातच बेताचा. भिंतीपलीकडे काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला, तो गाणं संपेपर्यंत वाढवला नाही. असे चार रविवार केले. मग सासूबाईंना पत्र लिहिलं. सप्रेम सलाम लिहून पुढे सरळ मुद्द्यावर आलो. इथं आपली मंडळी नाही, आणि मी तुम्हाला खोटं कळवणार नाही. मी दर रविवारी उपासना करतो, पण एकट्याची मंडळी होत नाही. दोघांची होते. दुसरी तुमच्याकडे आहे.

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. शनिवारी येते, बघते.

त्या आल्या, मुलीला घेऊन. पिण्याच्या पाण्याचा माठ बघितला, खिडकीचे गज हलवून बघितले, संडास बघितला. मुलगी माझ्या गळ्यातून उतरायला तयार नव्हती. पण तिच्या कपड्यांची पिशवी सासूबाईंनी उघडली नाही. दाराशी आपल्या पिशवीला टेकवून ठेवली. मी दिवसभर त्या पिशवीकडे बघत होतो.

रविवारी सकाळी तिघं चटईवर बसलो. सासूबाईंनी गीत म्हटलं, मी अध्याय वाचला. मग त्या म्हणाल्या, "जावईबापू, प्रार्थना करा."

मी हबकलो. आमच्या घरात मोठ्यानं प्रार्थना करायची ती बायको. मी डोळे मिटून बसणारा. इतके रविवार एकट्यानं केलेलं वेगळं, हे वेगळं. डोळे मिटले. "प्रभू," म्हणालो, "तू हिच्या आईला नेलंस. मला अजून राग आहे. पण तुझ्याशिवाय मला दुसरं कुणी..." आणि पुढे शब्दच येईना. काकांच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. पाहणी संपली, असं मनात म्हटलं.

तेव्हा शेजारून बारीक आवाज आला. "आणि आजचा दिवस चांगला जाऊ दे, आणि पप्पांना जेवण जाऊ दे, आणि आजीचे गुडघे. आमेन." तिची आई रोज सकाळी अशीच एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना संपवायची.

डोळे उघडले तेव्हा सासूबाईंचे मिटलेलेच होते. बऱ्याच वेळानं त्या उठल्या, मुलीच्या पिशवीची गाठ सोडली आणि एकेक फ्रॉक काढून खुंटीवर लावू लागल्या. मी मदतीला गेलो तर म्हणाल्या, "राहू द्या. तुम्हाला घड्या जमत नाहीत."

सोमवारी सकाळी आम्ही त्यांना एस.टी. स्टँडवर सोडायला गेलो. मुलगी माझं बोट धरून उड्या मारत होती, मी इतका खुशीत होतो की त्यांच्यासाठी संत्री घेतली, ती हातात द्यायचीही विसरलो. त्या खिडकीशी बसल्या. "दर रविवारी," त्यांनी मला बजावलं, "दोघंच असलात तरी." मुलीनं हात हलवला. गाडी सुरू झाली, आणि त्यांनी खिडकीतून बाहेर न बघता शेजारच्या रिकाम्या जागेवर, येताना अशाच जागेवर मुलगी बसली असणार, आपली पिशवी ठेवली.

माझी बायको गेल्याला जितके महिने झाले होते, तितकेच त्यांची मुलगी गेल्यालाही झाले होते. हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.